गाडीचं तोंड घराकडे

आमच्या मामांची गाडी कुठेही उभी असो, तिचं तोंड घराकडे असतं. देऊळ असो, दवाखाना असो, मंगल कार्यालय असो की कुणाचं तेरावं. मामा गाडी आधी चार हात पुढे नेतात, मान वळवून, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकून ती उलटी आत घालतात, आणि नाक रस्त्याकडे आल्याची खात्री पटल्यावरच इंजिन बंद करतात. तोवर मागे चार गाड्या हॉर्न वाजवत खोळंबलेल्या असतात. मामांना त्यांची कीव येते. लोकांना निघतानाचं सुचत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मामांना निघतानाचंच सुचतं. कुठे जायचं हे नक्की होण्याआधी तिथून किती वाजता निघायचं हे त्यांचं ठरलेलं असतं. लग्नात अक्षता हातात असतानाच ते पंगतीच्या दाराशी सरकत सरकत पोचलेले असतात. शेवटचं 'सावधान' ऐकू येतं तेव्हा मामांच्या पानात मीठ आणि लिंबाची फोड पडलेली असते. हॉटेलात चहाबरोबरच बिल मागवतात. नाटकाला गेले तर शेवटचा प्रवेश सुरू झाला की उठतात, कारण पडदा पडल्यावर पार्किंगमधून गाडी निघत नाही. त्यामुळे मामांनी आजवर पाहिलेल्या एकाही रहस्यनाटकातला खुनी त्यांना माहीत नाही. त्याचं त्यांना दुःखही नाही. "कोणीतरी असणारच की," म्हणतात.

अशा माणसानं हयात एसटीत किंवा रेल्वेत काढली असेल असं कुणालाही वाटेल. मामांची नोकरी झाली एका सरकारी कचेरीत, आणि त्या कचेरीत आत गेलेला कागद बाहेर आलेला कुणी पाहिलेला नव्हता. तिथून रोज वेळेवर निघणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मामा.

आईचं, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीचं, निदान वेगळं आहे. आमचे आजोबा जिथे जातील तिथे बसत. बारशाला गेले की पोर रांगायला लागल्यावर परतायचे. त्यांना बोलावून आणायला घरातून धाकट्याला पिटाळायचे. हा बिचारा गावभर हिंडून, ओसरी-ओसरीवर डोकावून म्हणायचा, "अण्णा, चला." पन्नास वर्षं झाली, अण्णा गेले, पण 'चला' काही तोंडातून गेलं नाही.

तरीही सहलीला आम्ही मामांबरोबरच जातो. सात माणसांची गाडी त्यांची, हे एक कारण. दुसरं असं, की कुठल्या पेट्रोलपंपावरचं स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ आहे, कुठली मिसळ पाच मिनिटांत येते, टोलनाक्यावर कुठल्या रांगेला लागायचं, याचं ज्ञान घराण्यात दुसऱ्या कुणाला नाही. तिसरं कारण मी उघडपणे मान्य करत नाही: आपल्याला कुणीतरी उठवून, ढकलून, कोंबून नेल्याशिवाय आपण कुठेच जात नाही.

तर डिसेंबरात महाबळेश्वर ठरलं. मामा-मामी, आई, आम्ही दोघं आणि आमची नऊ वर्षांची लेक. एक मुक्काम. मामांच्या मते मुक्काम ही सहलीतली एक त्रुटी आहे, पण मामी पहिल्यांदाच अडून बसल्या म्हणून त्यांनी ती पत्करली. आदल्या रात्री त्यांनी सगळ्यांच्या बॅगा मागवून घेतल्या आणि डिकीत रचून टाकल्या. दात घासायचा ब्रशही बॅगेत गेला. पहाटे चारला निघायचं होतं. पावणेचारला खाली गाडीचं इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं.

पुण्याहून महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. त्यातला बराच भाग आम्ही नेहमीच अंधारात पार करतो. खंबाटकी घाट हा आमच्या घरच्यांनी पाहिलेला नाही; फक्त पोटात जाणवलेला आहे. सुरूर फाट्यावरून आत वळलो तेव्हा लेक झोपेत होती. वाईत ढोल्या गणपती आला तेव्हा मामांनी वेग न सोडता पुकारा केला, "उजव्या हाताला गणपती, नमस्कार करा." आईनं डोळे चोळत डाव्या हाताला नमस्कार केला. गणपतीला चालतं ते.

पसरणीच्या घाटात उजाडायला लागलं. खाली वाईची शेतं, धोमचं पाणी, त्यावर धुक्याचा पातळ थर. आई म्हणाली, "अरे, थांब ना जरा. काय सुंदर दिसतंय!"

"ताई, वरून याहून छान दिसतं."

वर गेल्यावर आई म्हणाली, "आता थांब."

"आता कशाला? परत येताना इथूनच यायचंय. तेव्हा निवांत बघू."

परत येताना काय झालं ते पुढे सांगतो, पण 'परत येताना निवांत बघू' या एका वाक्यावर मामांनी आजवर सह्याद्रीतले किती घाट उरकले असतील याचा अंदाज वाचकांना एव्हाना आला असेलच.

पाचगणीत न थांबता आम्ही वेण्णा लेकला पोचलो तेव्हा काठावर चिटपाखरू नव्हतं. मी या तळ्याकाठी पूर्वी आलो होतो तो संध्याकाळच्या गर्दीत; कणसं, पॅटिस, स्ट्रॉबेरी क्रीम, घोडे आणि त्या घोड्यांवरून रडत उतरणारी मुलं, यांच्या फटीतून कुठेतरी पाणी दिसलं होतं. आत्ता नुसतं पाणीच होतं. त्यावरून वाफा निघत होत्या. काठच्या गवतावर पांढरी खर पडली होती. दर थंडीत वर्तमानपत्रात 'वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले' अशी बातमी येते आणि आपण ती पुण्यात अंगावर शाल ओढून वाचतो, ते दृश्य प्रत्यक्ष समोर होतं. होड्या एकमेकींना खेटून बांधलेल्या. लेक जागी झाली, खाली उतरली, तिनं बोटानं गवतावरचा बर्फ खरवडून जिभेला लावला.

मामा तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन आले. म्हणाले, "बंद आहे. चला."

बंद खिडकी होती. तळं उघडंच होतं. पण मामांना असा फरक करता येत नाही. एखाद्या ठिकाणी सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि ते उघडायच्या आत निघायचं, ही त्यांच्या वक्तशीरपणाची परमावधी आहे. मी थोडा वेळ मिळावा म्हणून लेकीला मोठ्यानं इतिहास सांगायला लागलो: हे तळं नैसर्गिक नाही हं, साताऱ्याच्या शहाजी महाराजांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, १८४२ साली बांधून घेतलं, पुढे सहा वर्षांत महाराज वारले आणि इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं.

मामांनी ऐकून घेतलं. तळ्याकडे, मग रस्त्याकडे बघितलं. "बांधलं चांगलंय," ते म्हणाले. "पार्किंगचा विचार केला नाही."

महाबळेश्वर हे गाव मामांना मनापासून आवडतं, आणि त्याचं कारण तिथली हवा नाही. कारण आहे पॉइंट. माल्कमसाहेब मुंबईचा गव्हर्नर असताना त्यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा मिळवली, पेठ वसवली. त्याच्यामागून आलेल्या साहेबांनी एकेका कड्याला एकेका साहेबाचं नाव दिलं. लॉडविक, एल्फिन्स्टन, विल्सन. मामांच्या दृष्टीनं इंग्रजांनी या देशावर केलेला हा एकमेव उपकार. डोंगर संपत नाही, पॉइंट संपतो. त्याला आकडा असतो, पाटी असते, पार्किंग असतं, कठडा असतो. कठड्याला हात लावला, दरी बघितली, झालं. खिशातल्या कागदावर मामा फुली मारतात.

आर्थर सीटच्या वाटेवरचं रान मात्र कुणाच्या कागदावर नव्हतं. महाबळेश्वरचं जंगल उंच नाही. वारा आणि पाऊस यांनी झाडांना वाढू दिलेलं नाही. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा, सगळी वाकडीतिकडी, बुटकी, खोडांवर शेवाळ आणि नेचे, आणि भरदुपारीही खाली गार सावली. पावसाळ्यात इथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाणी कोसळतं, आणि ते सगळं या झाडांनी अंगावर घेतलेलं दिसतं. आम्ही गाडी लावून (तोंड घराकडे) पायवाटेनं चाललो होतो, तेवढ्यात लेकीनं माझा हात दाबला. वर जांभळीवर शेकरू. तांबूस अंग, पिवळसर पोट, झुपकेदार शेपूट खाली सोडून ते काहीतरी कुरतडत बसलं होतं. सगळे जागच्या जागी थांबले. मामासुद्धा थांबले, कारण वाट अरुंद होती आणि पुढे आई होती.

शेकरूनं एक झेप घेतली आणि ते पानांत दिसेनासं झालं. लेक म्हणाली, "परत येईल. थांबू या."

वाटेच्या कडेला एक बाई लाल मुळे आणि गाजरं घेऊन बसल्या होत्या. मामांनी त्यांना विचारलं, "ताई, हे शेकरू किती वाजता बाहेर पडतं?"

बाईंनी मामांकडे नीट बघितलं. "ते त्याच्या मनावर हाय."

मामा अस्वस्थ झाले. ज्याला वेळापत्रक नाही अशा प्राण्याला राज्यानं मानचिन्ह कसं काय केलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

इथे मामींबद्दल सांगायला हवं. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढून त्यांनी एक शक्कल शोधून काढली आहे. मामांच्या कायद्यात एकाच कारणानं थांबता येतं, ते म्हणजे 'जरा जाऊन येते.' त्याला मामा कधी नाही म्हणत नाहीत, कधी घाई करत नाहीत, उलट अदबीनं दुसरीकडे बघतात. आर्थर सीटला पाच मिनिटांत मामांनी 'बघितलं ना? मग चला' केलं, त्याबरोबर मामी म्हणाल्या, "जरा जाऊन येते." वीस मिनिटं झाली. बायको बघायला गेली. तर मामी पलीकडच्या कठड्याशी, डोक्यावर पदर घेऊन, गाजर खात सावित्रीच्या खोऱ्याकडे बघत बसलेल्या. बायकोला म्हणाल्या, "तूही बस. दोघी म्हटल्यावर अर्धा तास धरतील ते." त्या दिवशी मामींना पाच वेळा जावं लागलं. मामांना काळजी वाटून त्यांनी संध्याकाळी औषधाच्या दुकानाची चौकशी केली.

तेवढ्या वेळात मी मामांना आर्थरची गोष्ट सांगितली. आर्थर मॅलेट नावाचा इंग्रज अधिकारी. त्याची बायको आणि तान्हं मूल खाली सावित्रीत नाव बुडून गेली. तो या कड्यावर येऊन तासन् तास त्या नदीकडे बघत बसे, म्हणून ही त्याची बैठक, अशी आख्यायिका.

मामा खरोखरच गप्प झाले. त्यांनी दरीकडे बघितलं. ही दरी त्यांनी पहिल्यांदा बघितली असावी असं मला वाटून गेलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अंधार पडायच्या आत परत जात असेल ना रे? जंगल आहे सगळं."

मला हसू आलं नाही. मामांची माया अशीच असते. माणूस दीडशे वर्षांमागचा असला तरी तो वेळेत घरी पोचला का, याची त्यांना काळजी.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात मात्र मामा रमले. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. पाचही नद्यांचं पाणी तिथे गोमुखातून कुंडात पडतं. पुजाऱ्यानं सांगितलं, सावित्री इथून कोकणात उतरून पश्चिमेच्या समुद्राला मिळते, आणि कृष्णा पार आंध्रातून बंगालच्या उपसागराला. मामांनी तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला, आणि गोमुखाकडे मोठ्या आदरानं बघत म्हणाले, "आल्या की निघाल्या. एक थांबली नाही." आम्ही बाहेर येऊन चपला शोधत होतो तरी मामा आतच होते. देवळातून शेवटी बाहेर पडायची त्यांची ही पहिलीच वेळ असेल.

हॉटेलवर मामांनी रात्रीच बिल भागवलं. व्यवस्थापक म्हणाला, "साहेब, सकाळी द्या की. नाश्ता व्हायचाय." मामा म्हणाले, "सकाळी तुमची गर्दी असते." हॉटेलात आमच्याखेरीज एकच कुटुंब होतं. साडेपाचला दारावर टकटक झाली. सूर्योदय.

विल्सन पॉइंट ही महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा, १,४३९ मीटर. मामा सूर्योदयाच्या बाजूनं आहेत, कारण त्याला लवकर उठावं लागतं. काकडत उभे राहिलो. पूर्वेला आधी राखाडी, मग केशरी, मग डोंगरांच्या कडेवर एक झळझळीत ठिणगी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजून पाव सूर्यसुद्धा वर आलेला नव्हता. मागून आवाज आला, "उगवला. चला."

"मामा, पूर्ण येऊ दे ना!"

"आता काय, वरच जाणार. हे सगळे लोक एकदम उतरले की रस्ता बंद होतो."

आम्ही गाडीपाशी पोचलो तेव्हा सूर्य पूर्ण वर आला होता. आरशात दिसला.

दुपारी बाजारात एक चक्कर झाली. चणे, गुलकंद, आईसाठी काठी, जी तिला नको होती. मग लेकीच्या हट्टापायी पुन्हा वेण्णा लेक. आदल्या सकाळी जिथे आम्ही एकटे होतो तिथे आता शनिवारचा अख्खा मुंबई-पुणे लोटला होता आणि तिकिटाची रांग रस्त्यापर्यंत आली होती. अर्ध्या तासाच्या होडीसाठी आम्ही रांगेत बराच वेळ काढला. मामा होडीत बसले नाहीत. पाण्याचं भय नाही त्यांना, पण होडीतून मनात येईल तेव्हा उतरता येत नाही. "मी चपला आणि पर्स सांभाळतो," म्हणाले.

होडी तळ्याच्या मध्यावर आली. पलीकडच्या काठाला झाडं पाण्यात वाकलेली. नावाडी सावकाश वल्हवत होता. काठावर पांढरा सदरा घातलेली एक आकृती हातात लेडीज पर्स घेऊन उभी होती आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या मनगटावर टकटक करत होती. आईला दुरून तेवढं दिसत नाही. ती कौतुकानं म्हणाली, "बघ कसा हात हलवतोय! लहानपणी असाच करायचा," आणि तिनंही हात हलवला. मामांनी मनगट आणखी जोरात ठोकलं. आईनं दोन्ही हात हलवले. नावाड्यानं विचारलं, "काका काय म्हणतायत? घेऊ का काठाला?" मामी घाईघाईनं म्हणाल्या, "नाही नाही. ते म्हणतायत, सावकाश होऊ दे."

आता मुंबई पॉइंट. पूर्वीचा बॉम्बे पॉइंट. महाबळेश्वरला येऊन इथला सूर्यास्त बघायचा नाही म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय धुवून परतायचं. मामा इथे तरुणपणापासून येत आहेत, आणि त्यांनी हा सूर्यास्त कधीही पाहिलेला नाही. त्यांचा हिशेब पक्का आहे: सूर्य बुडतो तेव्हा सगळे एकदम निघतात, म्हणून आपण सूर्य दोन हात वर असताना निघायचं. "बुडणारच आहे तो. रोज बुडतो," म्हणतात. मामींनी या घरात आल्यापासून हा सूर्य दोन हात वरच पाहिलेला आहे.

त्या दिवशीही पावणेसहाला 'चला' झालं. मामींनी "जरा जाऊन..." म्हणायला तोंड उघडलं, पण मामा म्हणाले, "आता पाचगणीला." आम्ही मुकाट्यानं गाडीकडे आलो, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा मामांचा चेहरा पांढरा पडलेला दिसला.

गाडीचं तोंड घराकडेच होतं. पण त्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, आडवी, एक मिनीबस उभी होती. रिकामी. ड्रायव्हर गायब.

मामांनी हॉर्न वाजवला. मिनीबसला फेरी मारली. काचेवर लिहिलेला फोन नंबर लावला; तो आतच, डॅशबोर्डवर वाजला. मग मामा त्या माणसाला शोधायला निघाले, आणि आम्ही, म्हणजे मामी सगळ्यांच्या पुढे, आई काठी टेकत, लेक धावत, परत कड्यावर आलो. मामींची चाल त्या दिवशी बघण्याजोगी होती.

सूर्य खाली आला होता. समोर प्रतापगड आणि मकरंदगडाचं खोगीर, त्यांच्यामागे कोकणच्या बाजूला एकामागून एक फिकट होत गेलेल्या रांगा. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त चष्मा पदरानं पुसून पुन्हा लावला.

मामांना ड्रायव्हर सापडला तो आमच्यापासून दहा पावलांवर. तरुण पोरगा होता, कठड्याला कोपर टेकवून उभा.

"मिनीबस तुझी का रे? गाडी काढ आधी."

"काढतो काका. एवढं बघून येतो."

"अरे, तू तर रोज येतोस इथे!"

"रोजच बघतो," तो म्हणाला.

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. त्या पोराला सोडून जाता येईना. किल्ली त्याच्या खिशात होती. म्हणून मामा त्याच्याशेजारी उभे राहिले. सूर्य डोंगराला टेकला, चपटा झाला, अर्धा उरला. दोनशे माणसं पश्चिमेकडे बघत होती. त्यांच्यात एकच माणूस आग्नेयेला तोंड करून, एका अनोळखी पोराच्या पँटीच्या खिशावर नजर लावून उभा होता. शेवटची कड गेली तेव्हा लोकांनी हुश्श केलं. मामांनीही केलं, कारण पोरानं किल्ली काढली.

पुढचा रस्ता मात्र मामांचा होता. वेण्णा लेकपाशी आलो तर समोरून, पाचगणीकडून चढणारी रांग जागच्या जागी थिजलेली. दिव्यांची माळ वळणापलीकडेही संपत नव्हती. आमची बाजू मोकळी. दोन दिवसांत कुठल्याही देखाव्यासाठी न थांबलेल्या मामांनी इथे गाडीचा वेग कमी केला, काच खाली घेतली आणि म्हणाले, "बघा. बघा जरा. ताई, बघितलंस का? ती मर्सिडीज बघ. दुपारपासून अडकली असेल." त्यांचा आवाज भरून आला होता. "पोरीला उठवा, तिला दाखवा." आम्ही पाचगणीपर्यंत तो देखावा डोळे भरून पाहिला. पसरणीच्या घाटात आई म्हणाली, "अरे, इथे निवांत बघू म्हणाला होतास." मामा म्हणाले, "आता काय बघणार ताई? अंधार पडला."

नऊच्या सुमारास पुण्यात, आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आलो. सामान उतरलं. लेक माझ्या खांद्यावर झोपलेली. मामा म्हणाले, "बरं, निघतो मी," आणि गाडीतून उतरले.

हा मामांचा दुसरा अवतार बाहेरच्यांना ठाऊक नसतो. जगातल्या प्रत्येक ठिकाणाहून वेळेआधी निघणारा हा माणूस आमच्या फाटकातून निघता निघत नाही. एक हात गाडीच्या टपावर ठेवून त्यांनी माझ्या गृहकर्जाचा विषय काढला. मग आईच्या गुडघ्याचा. मग पाण्याच्या टाकीचा. "निघतो हं," म्हणून दार उघडलं आणि ते धरून आणखी एक विषय काढला. मामींनी सीट मागे केली आणि डोळे मिटले. त्यांना अंदाज असतो.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे शेजारी कुत्र्याला फिरवून परतत होते. महाबळेश्वरहून आलो म्हटल्यावर थांबले. त्यांचं पुढच्या आठवड्यात जायचं होतं.

"मग मुंबई पॉइंट चुकवू नका," मामा म्हणाले. "संध्याकाळी साडेचारलाच जा. आत शिरलं की डाव्या हाताला लावू नका, तिथे मिनीबसवाले आडवे घालतात. सरळ पुढे जा, झाडाखाली तीन गाड्यांची जागा आहे, मधली घ्या. उलटी लावा. चाकं सरळ ठेवा. हँडब्रेक लावा, उतार आहे. मग काही त्रास नाही."

शेजाऱ्यांनी मान डोलावली. कुत्रा बसला.

"आणि सूर्यास्त?" त्यांनी विचारलं. "तो कुठून चांगला दिसतो?"

"तो ना?" मामा म्हणाले. "तो समोरच असतो."